हिशेब पूर्ण छापा: सिंगापूरच्या २०५० च्या आराखड्याबद्दल खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय हवामान बदल सचिवालय,
सिंगापूर

सप्रेम नमस्कार.

१ जानेवारी २०२६ पासून सिंगापूरचा कार्बन कर उत्सर्जनाच्या टनाला २५ डॉलरवरून ४५ डॉलर झाला (पत्रातले सारे डॉलर सिंगापूरचे). २०३० पर्यंत तो ५० ते ८० डॉलरच्या दरम्यान नेणार, हेही आपण आधीच सांगून ठेवले आहे. या वाढीला आमचा विरोध नाही. उलट २०१९ ते २०२३ अशी पाच वर्षे तो टनाला ५ डॉलरवर थांबवून ठेवला, हेच चुकले असे आम्हांला वाटते. तक्रार वेगळी आहे. कर चारचौघांत वाढतो आणि त्यातली सवलत बंद दाराआड ठरते. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याच्या आपल्या आराखड्यात हे जागोजागी दिसते. लक्ष्याचा आकडा ठळक छापलेला असतो. त्याखालची बेरीज-वजाबाकी अर्धीच असते, कुठे कुठे मुळीच नसते.

आम्ही वीज, जहाजाचे इंधन, रसायने आणि वातानुकूलन या क्षेत्रांत काम करणारे सिंगापूरचे मराठी रहिवासी आहोत. विजेचे बिल आम्ही भरतो, आराखड्यातली बरीचशी यंत्रे आमच्यासारख्यांच्याच हातून उभी राहणार आहेत आणि २०५० साली आमची मुले इथे पोटापाण्याला लागलेली असतील. मराठीत जाहीरपणे लिहितो आहोत, कारण नवी मुंबईत डेटा सेंटरांची रांग लागली आहे, न्हावा शेवाहून पूर्वेला निघालेली जहाजे इथे तेल भरतात, आणि "सिंगापूरने करून दाखवले" हा दाखला तिकडच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतो. काय करून दाखवले आणि काय नुसतेच सांगितले, हे तिकडच्या वाचकांनाही कळू दे.

सुरुवात विजेपासून. सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर होते. देशाचे क्षेत्रफळ जेमतेम ७३५ चौरस किलोमीटर. वारा मंद, नद्या तोकड्या, त्यामुळे घरचा म्हणावा असा स्रोत एकच, ऊन. तेही ढगाळ. सोलापूरकडे छतावरचा एक किलोवॉटचा संच वर्षाला साधारण १,५०० युनिट देतो, इथे १,२०० च्या आसपास. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याचा दोष आपल्याला कोणी देणार नाही. टेंगे जलाशयावर १ लाख २२ हजार पॅनेलांचा ६० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प २०२१ मध्ये उभा केलात, सरकारी वसाहतींच्या गच्च्या भरत आणल्यात, हे मनापासून मान्य.

पण आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. २०२१ च्या ग्रीन प्लॅनमध्ये, म्हणजे पर्यावरणाच्या राष्ट्रीय आराखड्यात, २०३० साठी सौर क्षमतेचे लक्ष्य २ गिगावॉट (२,००० मेगावॉट) होते. त्यातून वर्षाला सुमारे २४० कोटी युनिट मिळतील. २०२४ च्या मे महिन्यात डेटा सेंटरांसाठी आपण किमान ३०० मेगावॉट जादा क्षमतेला वाट मोकळी केली. ही यंत्रे पूर्ण भाराने अहोरात्र चालली, तर वर्षाला २६३ कोटी युनिट खातील, आणि यात त्यांना थंड ठेवण्याची वीज धरलेलीच नाही. म्हणजे २०३० पर्यंत छपरे आणि जलाशय राबवून जे मिळणार होते, ते एका निर्णयात खर्ची पडले. निर्णय चूक होता असे आम्ही म्हणत नाही. डेटा सेंटर कुठेतरी उभे राहणारच, आणि इथल्या निकषांवर ते बहुतेक ठिकाणांपेक्षा काटकसरीने चालेल. पण दुसरे धोरण ज्या दिवशी जाहीर झाले, त्या दिवशी हे आकडे एका पानावर का नव्हते?

तपमानाची गोष्टही इथेच सांगून टाकतो. उष्ण प्रदेशातल्या डेटा सेंटरांसाठी इथे जे मानक तयार झाले, त्याप्रमाणे सर्व्हर हॉलचे तपमान २६ अंशांवर किंवा त्याहून वर नेले, की प्रत्येक अंशामागे कूलिंगची २ ते ५ टक्के वीज वाचते. तरी जुन्या हॉलमध्ये काटा २०–२२ वरच अडकलेला असतो, कारण ग्राहकाबरोबरच्या करारात तो आकडा लिहिलेला असतो आणि करार संपेपर्यंत त्याला हात लावायची कोणाची तयारी नसते. तांत्रिक अडचण जवळपास नाहीच. नवीन क्षमता वाटताना जुन्या हॉलचे करार बदलण्याची अट घातली असती, तर एक पैसाही न गुंतवता बरीच वीज सुटली असती.

दुसरा मुद्दा बाहेरून आणायच्या विजेचा. २०३५ पर्यंत ६ गिगावॉट कमी-कार्बन वीज आयात करायची, असे ठरले आहे. २०२२ पासून लाओसची जलविद्युत थायलंड-मलेशियामार्गे येऊ लागली, ती सुरुवातीला १०० मेगावॉट होती. मोठा भाग इंडोनेशियाच्या बेटांवरच्या सौर प्रकल्पांतून यायचा आहे. सूर्य रात्री नसतो, म्हणून १ गिगावॉट चोवीस तास द्यायचे तर आमच्या हिशेबाने तिथे ७ गिगावॉटच्या आसपास पॅनेल आणि १६–१८ गिगावॉट-तासांच्या बॅटऱ्या लागतील. मेगावॉटला एक हेक्टर धरले, तरी ही ७० चौरस किलोमीटर जमीन झाली. तुलनेसाठी, जुरोंग या इथल्या औद्योगिक बेटावर २०२३ मध्ये सुरू केलेली आपली बॅटरी २८५ मेगावॉट-तासांची आहे.

आता केबल. समुद्राखालची केबल तुटते, हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते. ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधली बासलिंक केबल डिसेंबर २०१५ मध्ये बिघडली, ती जून २०१६ मध्ये पूर्ववत झाली. सहा महिने! टास्मानियाला मधल्या काळात डिझेल जनित्रे भाड्याने आणावी लागली. दोष शोधायचा, केबल वर काढायची, खराब तुकडा कापायचा, नवा जोडायचा, आणि जोड बसवायला हवामान सलग काही दिवस शांत लागते. दुरुस्तीचे जहाज दुसऱ्या कामात गुंतलेले असेल, तर आधी त्याची वाट पाहायची. सिंगापूरची सामुद्रधुनी तर जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक. इथे नांगर घसटून केबल जाण्याची भीती बास सामुद्रधुनीपेक्षा कितीतरी जास्त. सुटी केबल कुठे ठेवणार, दुरुस्तीचे जहाज कोणाच्या पैशाने राखून ठेवणार, आणि त्या काळात वायूवरची किती संयंत्रे गरम ठेवणार? या राखीव क्षमतेचे भाडे ग्राहकाच्या बिलात येणार, हे नक्की. मग ते आजच सांगा.

शिवाय इंडोनेशियाच्या स्वतःच्या विजेत कोळशाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. तिथली स्वच्छ वीज इकडे आली आणि तिथे त्या जागी कोळसा जळत राहिला, तर सिंगापूरच्या वहीतला आकडा उतरेल, हवेतला उतरणार नाही. आयातीचा प्रकल्प खरोखर नवा आहे आणि त्यामुळे स्थानिक ग्राहकाच्या वाट्याची वीज कमी झालेली नाही, याचा पुरावा परवान्याच्या अटींत मागावा आणि तो लोकांना वाचायला मिळावा.

तिसरा मुद्दा हायड्रोजनचा. २०२२ च्या धोरणात म्हटले आहे, की २०५० पर्यंत विजेची निम्मी गरज हायड्रोजन भागवू शकेल. त्यासाठी नवीन वायू-संयंत्रे किमान ३० टक्के हायड्रोजन जाळू शकतील अशी असावीत, अशी अट आहे. बातमीत हे वाचणाऱ्याला वाटते, धूर ३० टक्के घटणार. घटत नाही. हे ३० टक्के घनफळाचे आहेत. एक घनमीटर मिथेनमध्ये साधारण ३५.८ मेगाज्यूल ऊर्जा असते, तेवढ्याच हायड्रोजनमध्ये १०.८. म्हणून मिश्रणातली हायड्रोजनची ऊर्जा ११ टक्क्यांच्या आसपास भरते, आणि कार्बनही तेवढाच घटतो. हायड्रोजन जाळायला बर्नर बदला, नळ्यांचे धातू तपासा, नायट्रोजन ऑक्साइडची वाढ आवरा, आणि एवढ्या खटाटोपानंतर हाती अकरा टक्के. तेही हायड्रोजन स्वच्छ असेल तर.

तो येणार अमोनियाच्या रूपात, असे दिसते, कारण द्रव हायड्रोजनला उणे २५३ अंश लागतात आणि अमोनिया उणे ३३ वर द्रव होतो. एक टन हरित अमोनिया, म्हणजे स्वच्छ विजेवर केलेला, बनवायला सुमारे १० हजार युनिट वीज लागते. तोच टन इथल्या टर्बाइनमध्ये जाळला, तर २,५०० च्या आतबाहेर युनिट परत मिळतात. ज्वलन नीट जमले नाही, तर नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. म्हणून धुराड्यावर नायट्रस ऑक्साइडचा सतत चालणारा मीटर पहिल्या दिवसापासून हवा. नंतर बसवू म्हटले की तो बसत नाही, हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव. जुरोंगवरच्या अमोनियाच्या पहिल्या संयंत्राला ही अट घालावी.

चौथा मुद्दा सगळ्यांत मोठा, आणि आराखड्यात तो सगळ्यांत कमी जागा घेतो. २०२४ मध्ये सिंगापूर बंदरात जहाजांना ५ कोटी ४९ लाख टन इंधन विकले गेले. हा विक्रम होता. एक टन जड तेल जळले, की ३.१ टन कार्बन डायऑक्साइड होतो. विक्रीत थोडे जैवइंधन आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) होते, ते सोडून दिले तरी हा आकडा १७ कोटी टनांजवळ जातो. सिंगापूरचे स्वतःचे वार्षिक उत्सर्जन ६ कोटी टनांच्या आत. म्हणजे घरात जेवढे जळते, त्याच्या जवळपास तिप्पट आपण दारातून विकतो.

आंतरराष्ट्रीय जहाजांचे इंधन देशाच्या बेरजेत धरायचे नाही, वेगळे दाखवायचे, असा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे आणि आपण तो पाळता. नियमावर बोट ठेवायला जागा नाही. पण आराखडा म्हणजे नुसती नियमपूर्ती नव्हे. बंकरिंगचे, म्हणजे जहाजांत इंधन भरण्याचे, जगातले सर्वांत मोठे बंदर म्हणून मिरवायचे आणि त्याच इंधनाच्या धुराचा आकडा तळटीपेत ठेवायचा, हे ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे झाले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा जहाजांसाठीचा निव्वळ-शून्य करार ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला, तेव्हा आता त्याच्याकडे बोट दाखवूनही चालणार नाही.

आणि मोजता येत नाही, ही सबब इथे तर मुळीच टिकत नाही. बंकरच्या धंद्यात 'कॅपुचिनो' नावाची जुनी लबाडी होती: बार्जवरून (इंधन पोचवणाऱ्या नावेवरून) जहाजात तेल पंप करताना नळीत दाबाखालची हवा सोडायची. तेलाला फेस येतो, टाकीतली पातळी वर दिसते, टेप सोडून मोजणाऱ्याला माल पूर्ण भरल्यासारखा वाटतो. काही तासांनी फेस बसला की माल कमी निघतो, पण तोवर सही झालेली असते आणि बार्ज निघून गेलेली. सिंगापूरने यावर उपाय केला. १ जानेवारी २०१७ पासून घनफळाऐवजी वस्तुमान मोजणारे मीटर बार्जवर सक्तीचे केले, असे करणारे हे जगातले पहिले बंदर. एप्रिल २०२५ पासून इंधनाची पावतीही डिजिटल झाली. तेव्हा कोणत्या जहाजाला कोणत्या जातीचे इंधन किती टन दिले, ही नोंद आज आपल्याच यंत्रणेकडे आहे. ती इंधनाच्या जातीनुसार बेरीज करून, कार्बनच्या आकड्यासह, दर तिमाहीला छापायला एक कारकून पुरे.

पाचवा मुद्दा कराच्या सवलतींचा, ज्यापासून पत्र सुरू केले. वर्षाला २५ हजार टन किंवा त्याहून जास्त उत्सर्जन असणाऱ्या सुमारे ५० आस्थापना हा कर भरतात. त्यातल्या निर्यातीवर चालणाऱ्या, ऊर्जा जास्त लागणाऱ्या उद्योगांना संक्रमण-सवलत, म्हणजे बदलाच्या काळापुरती करात सूट, मिळते. किती मिळते, कोणाला मिळते, कोणत्या मापदंडावर आणि कधीपर्यंत, हे व्यापारी गुपित म्हणून झाकलेले आहे. घरगुती ग्राहकाचे मात्र काहीच झाकलेले नाही. एक युनिट विजेमागे सुमारे ०.४ किलो कार्बन, म्हणजे ४५ डॉलरच्या दराने युनिटला १.८ सेंट. महिन्याला ३५० युनिट जाळणाऱ्या कुटुंबाला ताज्या वाढीचा भार तीन डॉलरच्या आतबाहेर पडतो. रक्कम किरकोळ आहे, सरकार त्यावर सूटही देते. पण नळावर भांडण नको म्हणून धरणाचा दरवाजा कोणी उघडला ते विचारायचेच नाही, असे कसे चालेल? व्यापारी इमारतींचा वीजवापर आपले सरकार नावानिशी प्रसिद्ध करते आणि त्याने कोणाचे दुकान बंद पडलेले नाही. रिफायनऱ्यांनाही तोच न्याय लावावा.

कर भरणाऱ्यांना करपात्र उत्सर्जनाच्या ५ टक्क्यांपर्यंत परदेशी कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे वाचवलेल्या उत्सर्जनाची विकत घेतलेली प्रमाणपत्रे, वापरता येतात. सरकारही स्वतः क्रेडिट घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये घाना, पेरू आणि पराग्वेमधल्या प्रकल्पांकडून २१.७५ लाख टनांची क्रेडिट सुमारे ७.६ कोटी डॉलरला घेतल्याचे आपण जाहीर केले. टनाला ३५ डॉलर. जंगलाच्या क्रेडिटमध्ये गफलत कुठे होते, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे: तोडले जाण्याचा धोका फुगवून लिहायचा, मग न तोडलेले झाड विकायचे, किंवा एक पट्टा राखायचा आणि कुऱ्हाड शेजारच्या पट्ट्यात जाते, किंवा सातव्या वर्षी वणवा लागतो. वणवा लागला तर ते टन कोणी आणि किती दिवसांत भरून द्यायचे, ही कलमे करारासोबत प्रसिद्ध करावीत.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही. प्लास्टिकचे पुनर्चक्रण ५ टक्क्यांच्या आसपास आहे, बाकीचे भट्टीत जाते, आणि प्लास्टिक जाळणे म्हणजे तेलच जाळणे. सेमाकाऊचे, भट्टीतली राख टाकायचे भराव-बेट २०३५ च्या सुमारास भरेल म्हणून भट्ट्यांचा आग्रह समजतो. पण भट्टीतून निघणाऱ्या विजेला 'कचऱ्यातून मिळालेली' म्हणून सोवळे नेसवू नये.

शेवटचा मुद्दा घरातल्या एसीचा, कारण तो कोणाच्याच टेबलावर नाही. घरगुती विजेतला सुमारे चौथा हिस्सा एसी घेतो. ऑक्टोबर २०२२ पासून ७५० पेक्षा जास्त तापनक्षमतेचा (कार्बन डायऑक्साइडच्या ७५० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवणारा) वायू असलेले नवे घरगुती एसी विकायला बंदी आहे. चांगले केले. पण जुने एसी अजून भिंतींवर आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांत आर-४१० ए हा शीतकारक वायू आहे, ज्याची तापनक्षमता २,०८८. असा एक किलो वायू गळला, तर ते दोन टनांहून जास्त कार्बनइतके होते. महिन्याला ३५० युनिट जाळणाऱ्या घराची वर्षभराची वीज धरली, तरी ती १.७ टनच भरते. आणि चाललेय काय? एसी थंड करत नाही म्हटले की माणूस येतो, गेज लावतो, 'गॅस कमी आहे' म्हणतो, गॅस भरतो, पैसे घेतो. बंद नळीतला वायू वापराने कमी होत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतो आहे, बहुतेक वेळा फ्लेअर जोडावर (नळीचे तोंड रुंदावून केलेल्या सांध्यावर) किंवा बाष्पीभवकाच्या कॉइलवर. योग्य रीत अशी: उरलेला वायू सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, नळीत नायट्रोजन भरून दाब धरतो का पाहायचे, जोडांना साबणाचे पाणी लावायचे, गळती बंद करायची, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि मग वजन करून वायू भरायचा. याला दोनेक तास लागतात, आणि गॅस भरून निघून जायला पंधरा मिनिटे. कोण कशाला करेल? काढलेला वायू परत आणून दिल्यावर किलोमागे पैसे मिळाले, आणि दाबाच्या चाचणीची नोंद नसेल तर गॅस भरणे बेकायदा ठरले, तरच हे बदलेल. कमी वीज खाणारी उपकरणे घ्यायला घरटी हवामान व्हाउचर वाटण्यापेक्षा हा खर्च कमी आणि परिणाम लवकर.

मागण्या अशा. सवलत घेणाऱ्या उद्योगांची नावे, टन आणि सवलतीची शेवटची तारीख प्रसिद्ध करा. प्रत्येक डेटा सेंटरचा वीजवापर, पाणीवापर आणि हॉलचे तपमान नावानिशी छापा. हायड्रोजन आणि अमोनियाबद्दल बोलताना टक्के ऊर्जेचे सांगा, घनफळाचे नको. आयात विजेच्या परवान्यांत केबलदुरुस्तीची तयारी आणि स्रोत-देशातला परिणाम या दोन्हींची उघड अट घाला. बंकर इंधनाचा कार्बन तिमाही आकड्यांत आणा आणि २०३५ साठी ४.५ ते ५ कोटी टनांचे जे राष्ट्रीय लक्ष्य दिले आहे, त्याच्या शेजारी इंधनविक्रीच्या कार्बनसाठीही वेगळे, उतरते लक्ष्य ठेवा. शीतकारक वायू परत घेण्याची योजना घरगुती एसीपर्यंत न्या.

यातले एकही काम नव्या शोधाची वाट पाहत नाही. पॅरिस करारानुसार पुढचा द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत द्यायचा आहे. सवलती, डेटा सेंटरे आणि बंकर या तिन्हींचे तक्ते त्याच अहवालाच्या परिशिष्टात यावेत. जे देता येणार नाहीत, ते का देता येणार नाहीत, याचे प्रत्येकी एका परिच्छेदाचे उत्तर तिथेच असावे.

आपले,
सिंगापूरमधील काही मराठी अभियंते आणि तंत्रज्ञ